शेतीच्या बातमीचा मान: पुरस्कार, ते देणारे आणि वऱ्हाड

'दर्पण'चा पहिला अंक ६ जानेवारी १८३२ रोजी निघाला, म्हणून महाराष्ट्रात हा दिवस पत्रकारदिन म्हणून पाळला जातो. त्या आठवड्यात अमरावती आणि अकोल्याच्या सभागृहांतही शाल, श्रीफळ आणि सन्मानचिन्हांची रेलचेल असते. उत्कृष्ट वार्ताहर, उत्कृष्ट छायाचित्रकार, जीवनगौरव अशा नावांनी सत्कार होतात, भाषणे होतात आणि दुसऱ्या दिवशी पान तीनवर छायाचित्र येते. मात्र ज्या दोन जिल्ह्यांतील बहुसंख्य कुटुंबांचे पोट कापूस, सोयाबीन, तूर आणि हरभऱ्यावर अवलंबून आहे, तेथे शेतीच्या आणि अन्नाच्या बातमीला मान देणारे पुरस्कार कोणते, ते कोण देतो आणि नेमके कशासाठी देतो, याची एकत्रित माहिती सहसा हाती लागत नाही. ती येथे देण्याचा प्रयत्न आहे. तिचा उपयोग पत्रकारांपुरता नाही. कोणत्या बातमीचा गौरव होतो यावर उद्या कोणती बातमी लिहिली जाईल हे पुष्कळ अंशी ठरत असते, आणि वऱ्हाडातील शेतकऱ्याचा त्या बातमीशी थेट संबंध आहे.

पेवातले धान्य आणि नवा शब्द

जगाच्या पातळीवर गेल्या काही वर्षांत 'अन्नाची शाश्वतता' हा शब्दप्रयोग रूढ झाला. जमीन, पाणी आणि माणूस यांना न थकवता सर्वांना पुरेसे व सकस अन्न पिढ्यान् पिढ्या मिळत राहणे, असा त्याचा अर्थ. या विषयावरील वार्तांकनासाठी इटलीतील 'बॅरिला सेंटर फॉर फूड अँड न्यूट्रिशन' आणि 'थॉमसन रॉयटर्स फाउंडेशन' या संस्थांनी २०१७ मध्ये एक आंतरराष्ट्रीय माध्यम पुरस्कार सुरू केला. त्याची घोषणा मिलान येथील अन्न व पोषणविषयक परिषदेत झाली, आणि पुढील दोन वर्षेही तो दिला गेला. लेखनाबरोबर छायाचित्रांचा त्यात विचार होई आणि प्रसिद्ध झालेल्या कामाप्रमाणेच अप्रसिद्ध कामालाही प्रवेश असे. ही दुसरी बाब विशेष उल्लेखनीय आहे, कारण बड्या वृत्तपत्रात जागा न मिळालेल्या पत्रकाराला त्यामुळे दार उघडे राहत होते. बॅरिला हे नाव मुळात पास्ता तयार करणाऱ्या कंपनीचे, हेही येथेच नोंदवून ठेवलेले बरे. त्या मुद्द्याकडे पुढे यावयाचेच आहे.

वऱ्हाडातील शेतकरी हा शब्दप्रयोग वापरणार नाही. परंतु त्याच्या आजोबाला ही कल्पना ठाऊक होती. घरच्या पेवात वर्षाची ज्वारी, गोठ्यासमोर कडब्याची गंजी, कपाशीच्या ओळींत तूर, मूग आणि उडीद, असा तो हिशेब होता. कापूस विकून रोकड येई आणि अन्न शेतातच राही. सालदाराच्या मोबदल्यातही ज्वारीचा वाटा असे. गेल्या तीन-चार दशकांत हा हिशेब मोडला. ज्वारी राखायला माणूस मिळेना, पाखरे, रोही आणि रानडुकरांचा उपद्रव वाढला, बाजारात भाव नाही, आणि सोयाबीन तीन-साडेतीन महिन्यांत हातात पैसा देऊ लागले. ज्वारी गेली तसा कडबा गेला. कडब्यामागून जनावरे गेली आणि जनावरांमागून शेणखत गेले. सोयाबीनचे तेल निघते आणि पेंड बहुतांशी पशुखाद्यात जाते. पिकवणाऱ्याच्या ताटात त्यातले थेट फारसे काही येत नाही.

याचा शेवट कोठे झाला हे शासनाच्याच एका निर्णयावरून दिसते. २०१५ मध्ये राज्यातील १४ आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांतील केशरी शिधापत्रिकाधारक शेतकऱ्यांना दोन रुपये किलो दराने गहू आणि तीन रुपये किलो दराने तांदूळ देण्याची योजना सुरू झाली. अमरावती विभागातील पाचही जिल्हे तिच्यात होते. पुढे या योजनेसाठी धान्य मिळेनासे झाल्यावर २०२३ मध्ये त्याऐवजी प्रतिव्यक्ती दरमहा १५० रुपये बँक खात्यात जमा करण्याचे ठरले. धान्य पिकवणाऱ्या मुलखातील शेतकऱ्याला स्वस्त धान्य पुरवावे लागते, आणि पुढे त्या धान्याचेही पैसे होतात. अन्नाच्या शाश्वततेवर लिहू पाहणाऱ्या पत्रकारासाठी याहून सरळ विषय दुसरा नसेल. तो शिधापत्रिकेच्या रांगेत, तहसील कार्यालयात आणि शेतात, तिन्ही ठिकाणी जाऊन लिहावा लागतो. नेमके तेवढ्यासाठी तालुका वार्ताहराला वेळ आणि प्रवासखर्च मिळत नाही.

आगरकरांपासून 'ॲग्रोवन'पर्यंत

वऱ्हाडात वृत्तपत्रांची परंपरा जुनी आहे. अकोल्याच्या 'वऱ्हाड समाचार'मध्ये विद्यार्थिदशेतील गोपाळ गणेश आगरकरांनी लिहिले होते. ब्रिजलाल बियाणी यांचे 'मातृभूमी' अकोल्यातूनच निघाले. अमरावती जिल्ह्यातील पापळ येथे जन्मलेले आणि १९५२ ते १९६२ या काळात केंद्रीय कृषिमंत्री असलेले डॉ. पंजाबराव देशमुख यांनी 'महाराष्ट्र केसरी' हे पत्र चालवले होते. कृषिमंत्री होण्यापूर्वी स्वतःचे वृत्तपत्र असण्याची गरज या माणसाला वाटली होती, हे आजच्या कृषी पत्रकारांनी विसरू नये. त्यांच्या नावाचे कृषी विद्यापीठ २० ऑक्टोबर १९६९ रोजी अकोल्यात स्थापन झाले. विद्यापीठाची 'कृषी पत्रिका' आणि डिसेंबरात पंजाबरावांच्या जयंतीच्या सुमारास भरणारे कृषिप्रदर्शन यांतून संशोधन गावापर्यंत पोहोचवण्याचे काम होत आले आहे.

२० एप्रिल २००५ रोजी 'सकाळ' समूहाने 'ॲग्रोवन' हे शेतीला वाहिलेले दैनिक सुरू केले, आणि रोजच्या बातमीत शेती हा स्वतंत्र विषय झाला. त्याआधी 'शेतकरी', 'बळीराजा' यांसारखी मासिके होती, दूरदर्शनवर 'आमची माती आमची माणसं' होते. नैसर्गिक शेतीचे पुरस्कर्ते आणि २०१६ मध्ये पद्मश्रीने गौरवलेले अमरावती जिल्ह्यातील बेलोऱ्याचे सुभाष पाळेकर हे नव्वदच्या दशकात काही काळ 'बळीराजा'च्या संपादकीय विभागात होते. त्यांच्या पद्धतीविषयी कृषिशास्त्रज्ञांत मतभेद आहेत आणि ते असणे स्वाभाविक आहे. पण शेतीचे लेखन आणि शेतीचा प्रयोग यांतले अंतर या मुलखात किती कमी राहिले आहे, हे त्यावरून कळते.

या सर्व नियतकालिकांचा भर मात्र लागवडीच्या सल्ल्यावर आणि यशोगाथांवर राहिला. एकरी किती क्विंटल निघाले, ठिबकवर किती खर्च झाला, भाव काय मिळाला, ही माहिती शेतकऱ्याला हवीच असते. ज्याचे पीक गेले त्याची कथा छापायला मात्र वेगळ्या प्रकारची पत्रकारिता लागते. तिला देशाच्या पातळीवर नाव मिळाले ते वऱ्हाडातील आणि लगतच्या यवतमाळ-वर्ध्यातील आत्महत्यांच्या वार्तांकनाने.

साईनाथ आणि २००६ चे वर्ष

पी. साईनाथ यांचे नाव या संदर्भात टाळता येत नाही. 'दुष्काळ आवडे सर्वांना' या नावाने मराठीत आलेले त्यांचे पुस्तक मूळ इंग्रजीत १९९६ चे. त्याचा विषय देशातील अतिगरीब जिल्हे हा होता, आणि त्यात विदर्भ नव्हता. २००१ मध्ये त्यांना संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेचा बुर्मा पुरस्कार मिळाला. १९६८ ते १९७५ या काळात त्या संघटनेचे महासंचालक असलेल्या ए. एच. बुर्मा यांच्या नावाचा हा सन्मान जगाच्या अन्नप्रश्नाकडे लक्ष वेधणाऱ्या पत्रकारांना दिला जात असे. अन्नविषयक वार्तांकनाच्या पुरस्कारांत तो जुन्यांपैकी एक होय.

२००४ पासून 'द हिंदू'चे ग्रामीण व्यवहार संपादक म्हणून साईनाथ यांनी विदर्भात दीर्घकाळ वार्तांकन केले. २००६ मध्ये मुंबईतील एका फॅशन सप्ताहाला ५१२ अधिस्वीकृत पत्रकार हजर होते. तेथे सुती वस्त्रे मिरवली जात असताना, विमानाने तासाभराच्या अंतरावरील विदर्भात कापूस पिकवणाऱ्यांच्या आत्महत्यांचे सलग वार्तांकन करणारे राष्ट्रीय माध्यमांचे पत्रकार जेमतेम सहा होते, असे त्यांनी लिहिले. हा आकडा पुढे देशभर उद्धृत झाला. त्याच वर्षी जूनअखेरीस पंतप्रधान मनमोहन सिंग विदर्भात आले आणि १ जुलै २००६ रोजी अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलडाणा, वाशीम व वर्धा या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर झाले. पॅकेजनंतरही साईनाथ थांबले नाहीत. चारा-पाण्याची सोय नसलेल्या शेतकऱ्यांच्या दावणीला महागड्या संकरित गाई बांधल्या गेल्या आणि घरातील माणसांपेक्षा गाईचाच खर्च जास्त होऊ लागला, ही बातमी पॅकेजच्या घोषणेपेक्षा अधिक सांगणारी होती.

२००७ मध्ये त्यांना रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी प्रा. के. नागराज यांच्या अभ्यासाच्या आधारे १९९७ ते २००५ या काळात देशात सुमारे दीड लाख शेतकऱ्यांनी आत्महत्या केल्याचे त्यांनी मांडले. दीपा भाटिया यांचा २००९ चा 'नीरोज गेस्ट्स' हा माहितीपट याच वार्तांकनावर आधारलेला आहे.

या काळात स्थानिक मराठी पत्रकार काय करत होते, हे मात्र कोणत्याही मानपत्रात आलेले नाही. अमरावतीच्या विभागीय आयुक्त कार्यालयाची एक यादी होती आणि विदर्भ जनआंदोलन समितीची दुसरी. दोन्हींतील आकडे जुळत नसत. शासकीय यादीत प्रत्येक मृत्यूपुढे 'पात्र' किंवा 'अपात्र' असा शेरा असे. कुटुंबाला मिळणारे एक लाख रुपयांचे साहाय्य त्या शेऱ्यावर अवलंबून होते. सात-बारा मृताच्या नावावर आहे काय, कर्ज बँकेचे की सावकाराचे, वसुलीचा तगादा होता काय, हे प्रश्न विचारले जात. ठोक्याने शेती करणारा, वडिलांच्या नावावरील जमीन कसणारा मुलगा आणि नवऱ्यामागे शेती सांभाळणारी बाई अशी माणसे या चाळणीतून गळत. या मृत्यूची पहिली नोंद अनेकदा जिल्हा पानावरील चार ओळींच्या बातमीत होत असे आणि तिच्या वर 'तालुका प्रतिनिधी' एवढेच छापलेले असे.

नाव नसलेल्या बातमीचा अडसर

येथे पुरस्कारांच्या रचनेतील एक साधी पण महत्त्वाची अडचण समोर येते. महाराष्ट्र शासनाच्या माहिती व जनसंपर्क महासंचालनालयातर्फे उत्कृष्ट पत्रकारितेचे पुरस्कार दिले जातात. मराठीसाठी राज्यस्तरावर बाळशास्त्री जांभेकरांच्या नावाचा पुरस्कार आहे आणि प्रत्येक महसूल विभागासाठी वेगळा विभागीय पुरस्कार आहे. नागपूर विभागाचा ग. त्र्यं. माडखोलकरांच्या नावाने, तर अमरावती विभागाचा लोकनायक बापूजी अणे यांच्या नावाने दिला जातो. अणे मूळचे वणीचे, म्हणजे नाव घरचेच आहे. या पुरस्कारासाठी ठरावीक कालावधीत प्रसिद्ध झालेल्या लेखनाची कात्रणे जोडावी लागतात. बातमीवर नाव नसेल, तर ती अर्जदाराचीच आहे असा संपादकाचा दाखला लागतो.

मराठी दैनिकांत शहर कार्यालयातील बातमीदाराला नावासह बातमी मिळते. धारणी, तेल्हारा, दर्यापूर किंवा मूर्तिजापूरहून येणारा मजकूर बहुधा 'वार्ताहर' या एका शब्दाखाली छापला जातो. तो लिहिणारा पत्रकार अनेकदा मानधनावर असतो. त्याच्याकडे जाहिरातीचेही उद्दिष्ट असते, आणि पोटासाठी त्याचे दुकान किंवा शेती असते. त्याला दाखला कोणी द्यायचा, आणि दहा-बारा ओळींच्या पन्नास बातम्या परीक्षकांपुढे एक काम म्हणून कशा मांडायच्या? पुरस्काराची चौकट मालिकेसाठी, दीर्घ लेखासाठी, चौकटीतील छायाचित्रासाठी बनलेली आहे. शेतीचे संकट मात्र बहुतेक वेळा तुकड्यातुकड्याने बातमीत येते.

तुरीचे उदाहरण घ्या. २०१५ मध्ये तूरडाळ किलोमागे दोनशे रुपयांच्या घरात गेली तेव्हा ती देशभर पहिल्या पानावर होती. त्या भावाला भुलून शेतकऱ्यांनी पेरा वाढवला, पाऊसही बरा झाला, आणि २०१७ मध्ये तुरीचा भाव बोनससह ५,०५० रुपयांच्या हमीभावाखाली आला. खरेदी केंद्रांसमोर रांगा लागल्या आणि बारदाना संपल्याने मोजमाप थांबले. अकोला हे डाळ गिरण्यांचे शहर, त्यामुळे हे चक्र येथे दोन्ही टोकांनी दिसते. पण 'बारदान्याअभावी खरेदी बंद' ही बातमी जिल्हा पानापलीकडे फारशी गेली नाही. महाग डाळ आणि स्वस्त तूर ही एकाच प्रश्नाची दोन वर्षे आहेत, हे दाखवणारे लेखन ग्राहक आणि शेतकरी दोघांच्याही कामाचे ठरले असते.

त्याच वर्षी डिसेंबरात माजी केंद्रीय अर्थमंत्री यशवंत सिन्हा अकोल्यात शेतकऱ्यांसाठी ठिय्या देऊन बसले आणि दिल्लीचे कॅमेरे अकोल्यात आले. सिन्हा गेले आणि कॅमेरेही गेले. बोंडअळीने पोखरलेली कपाशी मात्र शेतातच होती.

पुरस्कार देणारा कोण

शेतीविषयक पत्रकारितेचे पुरस्कार देणारे ढोबळमानाने तीन प्रकारचे आहेत: शासन, माध्यमसंस्था आणि कंपन्या किंवा त्यांच्या प्रतिष्ठान-संस्था. राज्याचा कृषी विभाग वसंतराव नाईक शेतीमित्र पुरस्कार देतो. शेतकऱ्यांना मार्गदर्शन करणाऱ्या आणि शेतीविषयक लेखन, पत्रकारिता करणाऱ्या व्यक्ती त्यात येतात. भारतीय कृषी अनुसंधान परिषदेने चौधरी चरणसिंह यांच्या नावे कृषी संशोधन व विकासविषयक पत्रकारितेचा पुरस्कार अनेक वर्षे दिला आहे. दोन्हींची भाषा पाहिली तर तंत्रज्ञानाचा प्रसार हा त्यांचा हेतू दिसतो, आणि त्यात गैर काही नाही. शासनाच्या योजनेतील गाय दूध देत नाही, ही बातमी लिहिणाऱ्याने मात्र या पुरस्काराची फार वाट पाहू नये.

साईनाथ यांनी या बाबतीत उघड भूमिका घेतली आहे. २०२१ मध्ये आंध्र प्रदेश सरकारने त्यांना वाय. एस. आर. जीवनगौरव पुरस्कार जाहीर केला, तेव्हा त्यांनी तो नाकारला. ज्या शासनाच्या कारभाराचे वार्तांकन करायचे, त्याच्याकडून पत्रकाराने पुरस्कार घेऊ नये, कारण पत्रकार हा शासनाचा बाहेरचा लेखापरीक्षक असतो, असे त्यांचे म्हणणे आहे. ही भूमिका तत्त्वतः बिनतोड आहे. मात्र सर्वांनाच ती परवडते असे नाही. ज्याच्या नावावर मॅगसेसे आहे त्याने नाकारणे आणि ज्याला आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी व्यासपीठावर बोलावले आहे त्याने नाकारणे यांत अंतर आहे. वऱ्हाडातील ज्या पत्रकारांनी विभागीय पुरस्कार घेतले, त्यांना कमी लेखण्याचे काही कारण नाही.

माध्यमसंस्थांच्या पुरस्कारांपैकी कोलकात्याच्या 'द स्टेट्समन'चा ग्रामीण वार्तांकन पुरस्कार १९७९ पासूनचा आहे. त्याचा विशेष असा की, ग्रामीण वार्तांकन हा विषयच त्याने स्वतंत्र मानला. रामनाथ गोएंका पुरस्कारांत प्रादेशिक भाषांसाठी वेगळा विभाग आहे, पर्यावरणासाठी आहे आणि नजरेआड राहिलेल्या भारतासाठीही आहे. मराठी पत्रकाराने ही दारे अवश्य ठोठवावीत.

कंपन्यांचा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे, आणि येथे यवतमाळचे एक प्रकरण पाहण्यासारखे आहे. मार्च २००२ मध्ये बीटी कापसाला परवानगी मिळाली. २००८ मध्ये एका मोठ्या इंग्रजी दैनिकाने यवतमाळ जिल्ह्यातील भांबराजा आणि अंतरगाव या गावांवर वृत्तान्त छापला. बीटीमुळे या गावांत समृद्धी आली, आत्महत्या झाल्या नाहीत, असा त्याचा आशय होता. ऑगस्ट २०११ मध्ये तोच मजकूर त्याच दैनिकात पुन्हा आला, या वेळी जाहिरातवजा उपक्रमाचा भाग म्हणून. पत्रकारांचा यवतमाळ दौरा बियाणे कंपनीने आखला होता. मार्च २०१२ मध्ये संसदेची कृषिविषयक स्थायी समिती भांबराजाला गेली, तेव्हा गावकऱ्यांनी तिच्यासमोर आत्महत्यांची माहिती दिली. मे २०१२ मध्ये साईनाथ यांनी हा सर्व घटनाक्रम प्रसिद्ध केला.

यावरून कंपनीचा प्रत्येक पुरस्कार संशयास्पद ठरत नाही. पास्ता विकणाऱ्या कंपनीच्या प्रतिष्ठानाने थॉमसन रॉयटर्ससारख्या संस्थेला सोबत घेऊन दिलेला पुरस्कार आणि बियाणे कंपनीच्या दौऱ्यावरून लिहिलेला वृत्तान्त एका तराजूत घालता येणार नाहीत. पण परीक्षक कोण, विषयाची व्याख्या कोणी केली आणि पुरस्कार देणाऱ्याच्या मालावर टीका करणारे काम पूर्वी कधी निवडले गेले काय, हे तीन प्रश्न अर्ज भरण्यापूर्वी विचारायला हवेत. खते, बियाणे आणि कीटकनाशके यांच्या जाहिराती हा जिल्हा आवृत्त्यांच्या उत्पन्नाचा भाग आहे. म्हणून हे प्रश्न पत्रकारालाच नव्हे तर वृत्तपत्रालाही लागू पडतात.

२०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन २० हून अधिक शेतकरी व शेतमजूर मरण पावले आणि शेकडो रुग्णालयात दाखल झाले. अकोला जिल्ह्यातूनही विषबाधेच्या बातम्या आल्या. अमरावतीच्या विभागीय आयुक्तांच्या अध्यक्षतेखाली विशेष तपास पथक नेमण्यात आले. साईनाथ यांनी डिसेंबर २०१४ मध्ये सुरू केलेल्या 'पारी' या ग्रामीण वार्तांकनाच्या उपक्रमात नागपूरचे पत्रकार जयदीप हर्डीकर यांनी यावर मालिका लिहिली. 'पारी'चे लेख मराठीतही वाचता येतात. मजुराच्या अंगावर मास्क, हातमोजे का नव्हते, यापेक्षा कपाशी छातीपर्यंत का वाढली होती, कोणत्या औषधांचे मिश्रण कोणी सुचवले आणि कृषी सेवा केंद्राच्या काउंटरवर सल्ला कोण देतो, हे अशा वार्तांकनातील खरे प्रश्न असतात.

बियाण्यांचा दुसरा प्रसंग अकोल्याचाच आहे. १० जून २०१९ रोजी अकोट तालुक्यातील अकोली जहागीर येथे शेतकरी संघटनेच्या पुढाकाराने जमलेल्या शेतकऱ्यांनी बंदी झुगारून तणनाशक सहन करणारा एचटीबीटी कापूस पेरला. तंत्रज्ञानाचे स्वातंत्र्य ही त्यांची मागणी होती. पर्यावरणवाद्यांचा विरोध होता. माध्यमांत 'कायदेभंग' मोठा झाला. निंदणाची मजुरी किती वाढली, विनापरवाना बियाणे आधीच किती गावांत पोहोचले आहे आणि फसवणूक झाली तर पावती नसलेल्या शेतकऱ्याने दाद कोठे मागायची, हे मात्र फार थोड्यांनी लिहिले. या विषयावर शेतकऱ्यांतच दोन मते आहेत. पत्रकाराने त्यांपैकी एक निवडलेच पाहिजे असे नाही, दोन्हींचा खर्च मात्र मोजला पाहिजे.

मेळघाट आणि खारपाणपट्टा

अन्नाच्या बातमीसाठी अमरावती जिल्ह्याचे नाव कापसाच्या आधी मेळघाटामुळे गाजले. धारणी आणि चिखलदरा तालुक्यांतील बालमृत्यू १९९३ च्या सुमारास देशभर चर्चेत आले, उच्च न्यायालयात याचिका झाल्या आणि तेव्हापासून दर पावसाळ्यात मेळघाट बातमीत येतो. बैरागडच्या डॉ. रवींद्र आणि डॉ. स्मिता कोल्हे यांना २०१९ मध्ये पद्मश्री मिळाली, तेव्हा तेथील आरोग्यसेवेवर पुष्कळ लिहून आले. पण कुपोषण ही पावसाळ्यातील घटना नाही. कोरकू कुटुंबाच्या शेतातील कोदो, कुटकी कमी होऊन तेथे काय आले, स्थलांतराच्या महिन्यांत मूल काय खाते, अंगणवाडीतील आहार प्रत्यक्षात किती दिवस मिळतो, हे हिवाळ्यात आणि उन्हाळ्यातही लिहावे लागते. २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून साजरे झाले. शहरातील उपाहारगृहांत नाचणीची बिस्किटे आली. कुटकी पिकवणाऱ्या मेळघाटाची आठवण त्या मानाने थोड्यांना झाली.

दुसरा विषय पूर्णा नदीच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्याचा. अमरावती, अकोला आणि बुलडाणा जिल्ह्यांतील साधारण पावणेपाच लाख हेक्टरांवर पसरलेल्या या पट्ट्यात भूजल खारे आहे. विहीर खोदली तरी ओलित करता येत नाही, आणि गावोगाव मूत्रपिंडाच्या विकाराच्या तक्रारी आहेत. जागतिक बँकेच्या साहाय्याने २०१८ पासून सुरू झालेल्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पात या खोऱ्यातील क्षारपड गावांचाही समावेश करण्यात आला. तेथील शेततळी, पीकबदल, पिण्याच्या पाण्याचे स्रोत आणि आजार यांचा एकत्र मागोवा घेणारी मालिका एखाद्या आंतरराष्ट्रीय पुरस्काराच्या तोडीची ठरू शकते. त्यासाठी पत्रकाराला निदान दोन हंगाम एकाच गावात जाता यायला हवे.

या गरजेला उत्तर देणारा एक छोटा पुरस्कार आहे, आणि या यादीत त्याचा उल्लेख राहून जाऊ नये. साईनाथ यांनी आपल्या पहिल्या पुस्तकाच्या मानधनातून 'काउंटरमीडिया' नावाने ग्रामीण पत्रकारितेचा पुरस्कार सुरू केला. ज्यांचे काम मोठ्या माध्यमांत दुर्लक्षित राहते, किंवा ज्यांच्या बातमीवर दुसऱ्याचे नाव लागते, असे छोट्या गावांतील पत्रकार त्याच्या नजरेसमोर होते.

प्रवेशिका पाठवू इच्छिणाऱ्या वऱ्हाडातील पत्रकारांसाठी व्यवहाराच्या दोन गोष्टी. लोकनायक बापूजी अणे पुरस्कारासह शासनाच्या पुरस्कारांचे अर्ज जिल्हा माहिती कार्यालयात मिळतात आणि तेथेच स्वीकारले जातात. नियम व मुदत दरवर्षीच्या जाहिरातीत पाहून घ्यावी. आणि कात्रणे आजपासूनच तारीखवार ठेवावीत, विशेषतः ज्यांवर नाव छापलेले नाही ती, म्हणजे संपादकाचा दाखला मागण्याची वेळ येईल तेव्हा पन्नास छोट्या बातम्या एकाच गावाची कथा म्हणून पुढे ठेवता येतील.